खात्रीरावांची नारिंगी फ्रेम

खात्रीरावांना खरं नाव होतं, पण वापराअभावी ते गंजून गेलं होतं. कुणी म्हणालं, "आज ऊन फार आहे हो," तर हे विचारणार, "खात्री कशावरून?" डॉक्टर म्हणाले, "ताप उतरला," तर हे घरून दुसरा थर्मामीटर आणून पहिल्याची परीक्षा घेणार. त्यांच्या घरात समोरासमोरच्या भिंतींवर दोन घड्याळं टांगलेली होती, एकमेकांवर लक्ष ठेवायला. आरशात बघायच्या आधी ते आरशामागे बघून घेत. एकदा मांजर पाळायचं मनात आलं होतं, पण मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी असणार, म्हणून तो बेत बारगळला.

धंदा कुलपांचा. आता कुलूपवाल्याने जगावर विश्वास ठेवला तर त्याने खावं काय? त्यामुळे संशय हा त्यांच्या घरात जेवायलाच बसलेला असे. टेकड्यांमागच्या खाणी, पाण्याच्या टाक्या, एकलकोंड्या बंगल्या, जिथे वाट संपते तिथली कुलपं गंजतात, आणि ती उघडायला खात्रीराव आपली क्वाड घेऊन जात. क्वाड म्हणजे मोटारसायकलचं हँडल आणि चार ढब्बू चाकं असलेली, दगडधोंड्यांतून रेड्यासारखी जाणारी गाडी. ही गाडी त्यांनी इतकी दामटली होती की तिची फ्रेम, म्हणजे नळ्यांचा तो सगळा सांगाडा, गंजून तांबडालाल झाला होता. गाडी वळणावर अशी कुईकुई करायची की माणसं बाळ कुठे रडतंय ते बघायला बाहेर येत.

तर मुख्य गोष्ट आहे ती तिजोरीची.

घरातल्या आतल्या खोलीत खात्रीरावांनी स्वतःच्या हाताने केलेली एक तिजोरी होती, आणि तिच्यात एकच वस्तू होती: बायकोच्या आईचा लाल खड्यांचा हार. किल्ली बायकोच्या जुडग्यात. सगळं सुरळीत होतं. पण एकदा बायकोचा धाकटा भाऊ जेवायला आला आणि हात वाळवता वाळवता म्हणाला, "ताई, आईच्या गळ्यात तो हार काय शोभायचा गं! माझ्या पोरीच्या लग्नात एक दिवस घालू दे तिला."

एवढंच म्हणाला बिचारा. पण खात्रीरावांच्या कानात ते असं गेलं की हा घरफोडीची तारीख ठरवून गेलाय. शिवाय बायकोचं मन म्हणजे लोणी, आणि भाऊ म्हटला की तेही वितळलेलं. तेव्हा त्याच आठवड्यात त्यांनी कानस घेतली आणि किल्लीची जुळी बहीण घडवली. डोकं तेच, कडी तीच, दात तेवढेच. फक्त एक दात केसभर जास्त खोल. ती कुलपात जायची, पण फिरायची नाही. ही मुकी किल्ली त्यांनी बायकोच्या जुडग्यात अडकवली आणि खरी काढून घेतली.

आता खरी ठेवायची कुठे? उशीत, तर उशी उसवते. दुकानात, तर दुकान म्हणजे किल्ल्यांचाच बाजार, पहिल्यांदा तिथेच बघतील. जमिनीत, तर कुत्री उकरतात. शेवटी त्यांची नजर क्वाडवर गेली. मागच्या सामानाच्या जाळीखाली फ्रेमची एक जाड नळी येऊन संपते आणि तिचं तोंड उघडं असतं. किल्लीला ग्रीस फासलं, ती नळीत सारली, वर रबरी बूच ठोकलं. खुळखुळ नाही, खडखड नाही. चोर क्वाड चोरेल, हार चोरेल, पण क्वाडमध्ये हाराची किल्ली आहे हे त्याच्या आज्यालाही सुचायचं नाही.

आणि बायकोने कधी हार काढायचं म्हटलं की खात्रीराव आधी पडवीत जाऊन नळीतली किल्ली गुपचूप बाहीत सारत आणि मग पुढे होत. "थांब, ते कुलूप आडमुठं आहे. तुझ्या हाताला ऐकायचं नाही. आण इकडे जुडगा." पाठमोरे होऊन, बाहीतून खरी किल्ली काढून, खट्! मग जुडगा परत. बायको म्हणायची, "तुमच्या हाताला गुण आहे." अशी वर्षं गेली. किती गेली ते विचारू नका, दोन्ही घड्याळं वेगवेगळं सांगतात.

मग एका सोमवारी खात्रीराव दूरच्या एका धरणाच्या चौकीचं कुलूप उघडायला बसने गेले, कारण क्वाडची कुईकुई आता त्यांनाच ऐकवत नव्हती. दुसऱ्या दिवशी परत आले, सवयीने आधी गाडीची पडवी बघितली, आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकली.

इंजिन गोणपाटावर. चार चाकं भिंतीला टेकून. सीट खुंटीवर. आणि फ्रेम? फ्रेमच्या जागी नुसती हवा.

"अगं! ए! फ्रेम कुठाय?"

बायको आतून कापड शिवता शिवता म्हणाली, "आलात? रंगवायला दिलीय. पावडर कोटिंग."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, गंजलीय याची खात्री कशावरून." तिने दातांनी दोरा तोडला. "मिस्त्री म्हणाले, अजून थोडे दिवस अशीच चालवलीत तर मधोमध मोडेल, आणि तुम्ही अर्धे इकडे, अर्धे तिकडे. रविवारी धाकट्याच्या पोरीचं लग्न. त्याच्या मळ्यावर दुसरी कुठली गाडी पोचते? नवऱ्याला जरा सुखाचा धक्का द्यावा म्हटलं."

धक्का तर बसला होता. "कुठे दिलीस?"

"भट्टीबाईंकडे. आणि हो, तो हार काढायचाय. पोरीच्या गळ्यात घालायचा शब्द दिलाय मी धाकट्याला. तुम्ही दमला असाल, मीच काढते. किल्ली आहेच माझ्याकडे." असं म्हणून तिने कमरेचा जुडगा वाजवला.

खात्रीरावांनी मनात हिशेब मांडला. ती मुकी किल्ली कुलपात गेली आणि फिरली नाही, की बायको विचारणार, का फिरत नाही? मग खरी कुठाय? मग माझ्याकडची खोटी कुणी केली? आणि का केली? त्या 'का'चं उत्तर द्यायला खात्रीरावांकडे तोंड नव्हतं. चोर घरात शिरला असता तर ते छातीठोकपणे सांगू शकले असते, पण इथे घरच्या मालकिणीलाच त्यांनी चोर ठरवलं होतं.

"नको नको!" ते ओरडले. "आडमुठं कुलूप! रविवारी सकाळी मी काढून देतो."

"बरं," बायको म्हणाली, आणि पुन्हा सुईत डोळे घातले.

बरं तर बरं, नवी किल्ली करावी, तर तेही नाही. तिजोरीचा नकाशा चोरीला जाईल म्हणून त्यांनी कागदावर काढला नव्हता, आणि डोक्यात ठेवला तर झोपेत बडबडून जाईन म्हणून मुद्दाम विसरून टाकला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चहासुद्धा न घेता खात्रीराव भट्टीकडे निघाले.

भट्टी म्हणजे गावाबाहेरची एक लांबलचक पत्र्याची शेड. आत छतापासून आकडे लोंबत होते आणि त्यांना जगातलं सगळं लोखंड टांगलेलं: फाटकं, खुर्च्या, सायकली, एक अख्खा पलंग. टोकाला खोलीएवढी भट्टी, तिच्या दाराला पोळपाटाएवढी काच. भट्टीबाई म्हणजे शेडच्या मालकीण. तोंडावरचा मुखवटा वर कपाळावर सरकवलेला, आणि भुवया ज्या रंगाचं काम चालू असेल त्या रंगाच्या. लोक रस्त्यात भुवया बघून ओळखायचे, आज बाई फाटकं करतायत की खुर्च्या. त्या दिवशी भुवया हिरव्या होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "क्वाडवाले ना? ती बघा तुमची फ्रेम."

खात्रीरावांनी ओळखलीच नाही. गंज गेलेला, जुना रंग गेलेला, करडी, उघडी, न्हाऊन आल्यासारखी फ्रेम दोन आकड्यांवर झुलत होती.

"ही माझीच कशावरून?"

"वाकडा दांडा तुम्ही बसून बसून केलाय, तो बघा. असा वाकडा दांडा दुसरीकडे मिळायचा नाही. आधी ती नुसतीच भट्टीत भाजली, नळ्यांतलं तेल-ग्रीस गळून जावं म्हणून. मग वाळूचा मारा दिला. आता रंग. आणि लांबून बघा हं, हात लावायचा नाही. उघड्या लोखंडाला बोट लागलं की बोटाचं तेल लागतं, मग तिथे रंग धरत नाही."

खात्रीरावांनी मात्र पुढचं काही ऐकलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं: ग्रीस गळून जावं म्हणून. त्यांनी मान वाकडी करून मागच्या नळीकडे बघितलं. बूच नाही. तोंड आऽ वासलेलं.

"बाई," ते जमेल तितक्या सहज म्हणाले, "यात काही... सापडलं नाही ना?"

"काय हरवलंय?"

"काही नाही."

"मग काय सापडायचं होतं?"

"काही नाही, आपलं सहज."

भट्टीबाईंनी हिरवी भुवई उचलली. "अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? नळीत काही ठेवलं होतंत?"

"मी? मी कशाला ठेवू? नळी काय ठेवायची जागा आहे?"

"तेच म्हणते. इथे येणाऱ्या नळ्यांत काय काय निघतं म्हणून सांगू! नट, खिळे, मधमाश्यांचं पोळं. एकदा तर उंदराचं घरटं निघालं, पिल्लांसकट. आमचा नियम आहे. नळीतून पडेल ते, ज्याने काम आणून टाकलं त्याच्याच हातात परत. पिल्लंसुद्धा दिली. तो माणूस नको नको म्हणत होता."

"आणि ही फ्रेम कुणी आणली?"

"टेम्पोतून आली," बाई म्हणाल्या आणि त्यांचा फोन वाजला. त्या पाठ फिरवून बोलायला लागल्या.

ही संधी होती. खात्रीराव मांजराच्या पावलांनी (ज्या मांजरावर त्यांचा विश्वास नव्हता) पुढे सरकले आणि नळीच्या तोंडात अंगठा आणि बोट खुपसलं. आत अंधार, गारवा आणि नळीची भिंत. किल्ली नाही. त्यांनी नळीला कान लावला. समुद्राची गाज ऐकू आली, पण किल्ली नाही ती नाहीच.

"हात लावलात?" मागून आवाज आला.

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"खात्री?" बाईंनी विचारलं, आणि त्या इतक्या गोड हसल्या की खात्रीरावांना तेव्हाच शंका यायला हवी होती. आलीही. पण शंकांची एवढी गर्दी झाली होती की ही बिचारी रांगेत मागे राहिली.

रंग होईपर्यंत ते हलले नाहीत. बाईंनी नळ्यांच्या आट्यांमध्ये आणि भोकांमध्ये रबरी गोळे कोंबले, तिथे रंग जाऊन बोल्ट अडू नयेत म्हणून. फ्रेमला एक तार जोडली, बंदूक उचलली आणि पावडरीचा ढग सोडला. पिठासारखी नारिंगी पावडर उडत उडत नळीच्या पाठीमागच्या बाजूलाही वळून चिकटत होती, जणू लोखंड तिला हाका मारत होतं.

"नारिंगी?" खात्रीराव किंचाळले. "मी काळी गाडी चालवतो!"

"वहिनींनी सांगितलंय. म्हणाल्या, दुरून दिसायला हवी, कुठे जातात ते कळायला हवं."

भट्टीचं दार लावायच्या आधी बाईंनी एप्रनच्या खिशातून काहीतरी छोटंसं काढलं, त्याच्यावर पावडरीचा फवारा मारला आणि तारेने फ्रेमच्या शेजारी टांगलं. त्याचा खालचा अर्धा भाग पिवळ्या पट्टीत गुंडाळलेला होता.

"ते काय?"

"नमुना," बाई म्हणाल्या. "रंग कसा बसतो ते बघायला."

खात्रीरावांनी मान डोलावली. त्यांचं सगळं लक्ष नळीकडे होतं. काचेतून पावडर हळूहळू वितळली, चकाकायला लागली, आणि त्यांच्या कपाळावरचा घामही तसाच.

तिथून ते थेट मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री एका ट्रॅक्टरखाली होता. बाहेर फक्त त्याची पावलं दिसत होती, म्हणून खात्रीरावांनी पावलांचीच उलटतपासणी सुरू केली.

"मिस्त्री, माझी फ्रेम तू नेलीस?"

"मी सुटी करून दिली आणि मोकळा झालो," पावलं म्हणाली.

"सुटी करताना काही पडलं का?"

"पडलं ना. तुमच्या गाडीतून तुमचा संशय पडला. पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवलाय, जाताना घेऊन जा."

"चेष्टा नको. टेम्पो कुणाचा होता?"

"तुमच्या मेहुण्याचा. दुसरा कुणाचा असणार?"

झालं! काळोख्या खोलीत कुणी फट्‌कन दिवा लावावा तसं खात्रीरावांना सगळं दिसलं. मेहुण्याचा टेम्पो. म्हणजे काम मेहुण्याने आणून टाकलं. म्हणजे नियमाप्रमाणे किल्ली मेहुण्याच्या हातात. म्हणजे इतकी वर्षं तो टपून बसला होता तो याचसाठी! आपला संशय खरा ठरल्याचा खात्रीरावांना इतका आनंद झाला की क्षणभर ते किल्ली गेल्याचं दुःखच विसरले. टेम्पोत आणखी कुणी बसलं होतं का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. पावलं सांगायच्या बेतात होती, पण खात्रीराव निघून गेले होते.

त्या दिवसापासून त्यांनी आतल्या खोलीत, तिजोरीला पाठ लावून, मुक्काम ठोकला. बायको तिथेच लग्नाचं शिवण घेऊन बसलेली, त्यामुळे तिजोरीला नखही लावता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"पाठ दुखत नाही का हो लोखंडाला?" ती विचारायची.

"गार वाटतं."

"हिवाळ्यात?"

"मला बरं वाटतं!"

शुक्रवारी खुद्द मेहुणाच आला, घामाघूम, लग्नाच्या शेवटच्या धावपळीत. "ताई, हे तुझं सामान. भाऊजी, तुम्ही असे का बसलाय? काही हरवलं का?"

खात्रीरावांनी डोळे बारीक केले. "का? तुला काही सापडलंय का?"

"मला? मला तर माझी चप्पलसुद्धा सापडत नाही दोन दिवस!" तो हसला आणि बहिणीने दिलेलं एक शिवलेलं बोचकं काखेत मारून निघाला. खात्रीराव फाटकापर्यंत त्याच्या मागे गेले आणि त्याच्या पावलांकडे बघत राहिले. पायात खरोखरच एक चप्पल तपकिरी आणि एक काळी होती. चोराच्या मनात चांदणं, ते म्हणाले, नाहीतर एवढा गोंधळ कशाला?

संध्याकाळी फ्रेम घरी आली. काय तिचा तोरा! पडवीत ठेवली तर कोंबडे पहाट झाली समजून आरवले. खात्रीराव सगळे जाईपर्यंत थांबले. मग मागच्या नळीपाशी गेले आणि बघतात तर काय, तोंडाला रबरी बूच! त्यांनी ते उपसलं, फ्रेम कलती केली, आणि ग्रीसमध्ये माखलेली किल्ली त्यांच्या तळहातावर घसरत आली.

आता बघा. याच नळीत त्यांनी स्वतःच्या बोटाने चाचपलं होतं आणि ती रिकामी होती. भाजताना ग्रीस गळून गेलं होतं, हे भट्टीबाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. मग हे ग्रीस आलं कुठून? बूच आलं कुठून? जो माणूस मांजराच्या मिटलेल्या डोळ्यांवर शंका घेतो, त्याने इथे शंका घ्यायला नको? पण सुटकेचा आनंद वाईट. खात्रीराव म्हणाले, "माझं बोटच आखूड. किल्ली आत सरकली असणार." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खात्री करून घेतली नाही. त्या रात्री ते घोरले.

रविवारी सकाळी मिस्त्रीने जुळवलेली क्वाड दारात उभी होती, आणि बायको नवे कपडे घालून तिजोरीपुढे.

"चला, उघडा तुमचं आडमुठं कुलूप."

"आण जुडगा," खात्रीराव ऐटीत म्हणाले. जुडग्याची वाट न बघताच पाठमोरे झाले. बाहीतून किल्ली काढली, कुलपात घातली, फिरवली.

फिरली नाही.

त्यांनी पुन्हा फिरवली. मग जरा जोर लावला. मग फुंकर मारली. मग किल्ली काढून उजेडात धरली. एक दात केसभर जास्त खोल होता. आपलं काम कोण ओळखणार नाही? ही त्यांच्याच कानशीची मुकी किल्ली होती.

"सरका," मागून बायको म्हणाली.

तिने कमरेचा जुडगा काढला. त्यात एका किल्लीचं डोकं नारिंगी होतं, फ्रेमसारखं चकचकीत नारिंगी, आणि दात मात्र उघडे, स्वच्छ. तिने ती घातली. खट्!

"दात पट्टीत गुंडाळून रंगवली भट्टीबाईंनी," ती म्हणाली. "रंग आत गेला तर कुलूप अडतं, म्हणाल्या. तुम्ही समोरच उभे होतात म्हणे."

"तो... नमुना?"

"बूच उपसून फ्रेम पहिल्यांदा भाजली तेव्हाच ही टणकन खाली पडली. फ्रेम मीच टेम्पोत बसून नेली होती, मग माझ्याच हातात दिली त्यांनी. घरी येऊन दोन्ही लावून बघितल्या, खरी रंगवायला त्यांच्याकडे परत दिली, आणि फ्रेम घरी आली तशी खोटी किल्ली ग्रीस आणि नवं बूच लावून नळीत घातली." तिने किल्ली कुलपातून काढली. "अहो, मला राग खोट्या किल्लीचा नाही. पण इतकी वर्षं ती मेलेली किल्ली मी रोज झोपताना उशाखाली ठेवली. कुणी चोरू नये म्हणून! एकदा हरवली वाटली तेव्हा विहिरीपर्यंत सगळी वाट धुंडाळली मी, रडत. तुम्ही बघत होतात. कंदील धरला होतात तुम्ही."

धरला होता. खात्रीरावांना आठवलं. कंदील धरून ते म्हणालेही होते, नीट बघ, तिथे गवतात बघ. मग तिजोरीचं दार पूर्ण उघडलं तर आत हारच नव्हता. मधोमध फक्त एक जुनं, ग्रीसने काळं झालेलं रबरी बूच ठेवलेलं होतं.

"हार!" ते ओरडले. "हार गेला! बघ, मी म्हणत होतो ना, तुझा भाऊ..."

"शुक्रवारी नेला त्यानेच. मी सोमवारीच काढून ठेवला होता, मीच दिला. बोचक्यात शिवून, तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्ही त्याला फाटकापर्यंत पोचवायलासुद्धा गेला होतात."

आता मात्र खात्रीराव तिजोरीसमोर जमिनीवर बसले. बूच हातात घेतलं. मग म्हणाले, "चुकलं माझं." आवाज असा गंजलेला होता की हे वाक्य त्यांनी पूर्वी कधी वापरलं नसावं.

"उठा, उशीर होतोय," बायको म्हणाली. तिने नारिंगी डोक्याची किल्ली जुडग्यातून सोडवली, एका गोफात ओवली आणि गळ्यात घातली, जिथे हार घालायचा तिथे.

"हे घालून येणार? सगळे विचारतील!"

"विचारू देत की."

क्वाडपाशी गेल्यावर तिने मागच्या नळीवर बोट ठेवलं. सगळी फ्रेम आरशासारखी, पण नळीच्या तोंडाशी अंगठ्याएवढी जागा पापुद्रा निघून उघडी पडली होती. "इथे कुणीतरी हात लावला होता, म्हणाल्या भट्टीबाई. पुन्हा करून देते म्हणत होत्या. मी म्हटलं, राहू दे." आणि हँडल धरून ती पुढे बसली. "तुम्ही मागे. मिस्त्रींनी शिकवलंय मला दोन दिवस."

रस्ताभर खात्रीरावांच्या मनात एकच घोर. ही आता तिथे काय सांगणार? अख्ख्या गोतावळ्यासमोर! लग्नात त्यांनी ना गाणं ऐकलं ना जेवण चाखलं. एका खांबाआड उभं राहून ते फक्त बायकोच्या गळ्याकडे बघत होते. पलीकडे नवरीच्या गळ्यात लाल खड्यांचा हार झळकत होता, आणि मेहुणा दोन वेगवेगळ्या चपला घालून पोरीकडे बघत डोळे पुसत होता. खात्रीरावांनी त्याच्याकडून नजर काढून घेतली.

शेवटी व्हायचं ते झालं. एका मावशीने बायकोचा गोफ धरून विचारलं, "हे काय गं नवीन? किल्लीचा दागिना?"

भोवतालच्या बायका वळल्या. खात्रीरावांनी खांब घट्ट धरला.

"ह्यांनी केलीय माझ्यासाठी, स्वतःच्या हाताने," बायको म्हणाली. "जगात अशी एकच आहे."

"बाई बाई, हौशी आहेत हो!" मावशी म्हणाल्या, आणि खांबाआडचे खात्रीराव कानापर्यंत लाल झाले.

निघताना ऊन कललं होतं. बायकोने किल्ली मारली, क्वाड गुरगुरली, कुईकुईचा मागमूस नव्हता. उतारावर लागल्यावर खात्रीराव मागून हळूच म्हणाले, "अगं, उपकार झाले तुझे. कुणालाच सांगितलं नाहीस."

बायको पुढे बघूनच हसली. "सांगितलं नाही, याची खात्री कशावरून?"

खात्रीरावांनी चपापून मागे वळून बघितलं. मांडवाच्या तोंडाशी मेहुणा, मिस्त्री आणि नारिंगी भुवयांच्या भट्टीबाई उभ्या होत्या. तिघंही हात हलवत होती आणि तिघंही हसत होती. निरोप देताना माणसं हसतात, हे खरं. पण इतकी?

पुढे मोठा दगड आला, गाडी उडाली, आणि धरायला दुसरं काहीच नसल्यामुळे खात्रीरावांनी बायकोचे खांदे घट्ट धरले.